उलांडी नसलेली होडी

त्या वर्षी पेडण्यात जिथं जावं तिथं एकच वाद, मराठी की कोकणी. चहाच्या दुकानात माणसं हमरीतुमरीवर यायची. मी मात्र चोपड्याच्या धक्क्यावर होड्यांची चित्रं काढत बसायचो. शाळेतली नोकरी सोडून चित्रकार झालेला माणूस, लोकांच्या लेखी वायाच गेलेला. जाऊ दे! पाणी आणि होडी, एवढ्यावर माझं भागत होतं.

एकदा घरी चित्र वाळत ठेवलं होतं. केर काढता काढता बायको थबकली. "अवो, हिची उलांडी खंय? पाण्यात घातल्यार बुडतली ही!"

होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला आडवं लाकूड बांधतात, ती उलांडी. आमच्याकडचं शेंबडं पोरही होडी काढताना ती विसरायचं नाही. मी भडकलो. "दिसला तसा काढलंय. तुका चित्रातला काय कळता गो?" आणि तणतणत पुन्हा धक्क्यावर गेलो. तीच होडी, समोर. तिच्या डाव्या अंगाला नुसतं पाणी. बघ म्हणावं! मग सहज मान वळवली, तर उलांडी जागच्या जागी.

पुन्हा समोर बघितलं, तर उलांडी गायब. दिसत नाही तिथं काळोख दिसला असता तर कळलं तरी असतं हो! माझा डोळा लबाड, तिथं आजूबाजूचं पाणीच पसरून ठेवत होता. त्यानंतर जेवताना, चालताना, सारखा एकेक डोळा झाकून बघायचो. भिंत बघ, दार बघ. चित्रं गेली तर मी उरतो कोण, या विचारानं घास उतरेना.

म्हापशाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची नजर कडेनं झिजलेली, डावीकडे जास्त. गेलं ते परत यायचं नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांवर टिकलं तर टिकलं.

परतताना फेरीबोटीत बायको नि मी कठड्याशी उभे राहिलो. तिला धीर द्यावा म्हणून मी बडबडत सुटलो. "ते माड बघ. थंय जाळा सुकत घातलानी. सगळा दिसता माका. उगीच घाबरयतत हे डॉक्टर."

बोट मधल्या पाण्यात आली.

"आयकतंस मां गो?" म्हणत मी मान पुरती वळवली. माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून, पदराचा बोळा तोंडात धरून ती रडत होती. कधीपासून, देव जाणे.