मुद्दाम खोकणारी तोफ

तोफेने सिगारेट ओढायला सुरुवात केली, ही बातमी आमच्या गल्लीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. दुसऱ्याची फुप्फुसं बसवून आणली, छातीवरचा व्रण अजून लाल, आणि ही बाई गॅलरीत उभी राहून पांढरा धूर सोडते! समोरच्या इस्त्रीवाल्याने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आता इस्त्रीवाल्याचे डोळे ते केवढे? निम्म्या गल्लीचे शर्ट तो उरलेल्या निम्म्या गल्लीला वाटतो.

धूर कसला डोंबलाचा! ती औषधी वाफ होती. वाफेचं यंत्र तोंडाला लावून तोफ गॅलरीत बसायची, कारण घरात बसलं की जाऊ समोर येऊन उसासे टाकायची.

तोफ म्हणजे सोफेवाल्याची बायको. कारखान्यात नवरा शिवायचा. ती फोम कापायची आणि गिऱ्हाइकांना झापायची. तिचा आवाज चौकापर्यंत जायचा, म्हणून हे नाव. मग फुप्फुसं वाळक्या स्पंजासारखी कडक झाली आणि तोफेला ऑक्सिजनच्या नळकांड्याला दावणीसारखं बांधून घ्यावं लागलं. एक दिवस कुणी अनोळखी माणूस गेला, त्याच्या घरच्यांनी रडत रडत होकार दिला, आणि तिला नवी फुप्फुसं मिळाली.

पण डाव्या बाजूला नवी श्वासनळी जुनीला जिथे शिवली होती, तिथे जखम भरताना मांस वाढलं आणि वाट अरुंद झाली. डॉक्टरांनी आत फुगा घालून ती रुंद केली. ती पुन्हा आवळली. पुन्हा फुगा, पुन्हा तेच. शेवटी आत जाळीची नळी बसवली, तिला स्टेंट म्हणतात. घरी सोडताना नर्सने बजावलं, "नव्या फुप्फुसांच्या नसा तुटलेल्या असतात. आत कफ साचला तरी तुम्हाला खोकला येईलच असं नाही. वाफ घ्यायची आणि मुद्दाम, जोर लावून खोकायचं. नळीत कफ अडकला तर वाट बंद."

हे सांगितलं तेव्हा सोफेवाला खाली औषधांच्या रांगेत होता, आणि घोड्याने तिथेच पेंड खाल्ली.

त्याच्या कारखान्याचा एक दंडक होता. नव्या शिवणीच्या खुर्चीवर कुणी बूड टेकायचं नाही. टाका बसेपर्यंत ती कोपऱ्यात उलटी ठेवायची. हाच दंडक त्याने बायकोला लावला.

"अगं, हळू! शिवण उसवेल!"

"शिवण तुमच्या सोफ्याची आहे का?"

"शिवण ती शिवण. ताण दिला की उसवते."

"नर्सने सांगितलंय, जोरात खोका."

"नर्सने कधी सुई धरलीय?"

"रोज धरते हो! माझ्या दंडात खुपसते!"

जाऊबाईंचं निराळंच. "ताई, खोकला येत नाही म्हणता आणि खोकत बसता. मग हे नाटक कुणासाठी?"

तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. येणारा पाहुणा हळू आवाजात "आराम करा" म्हणायचा, उशी सरळ करायचा, आणि तिने खोकायला छाती भरली की चारी बाजूंनी "अहं, अहं" व्हायचं. श्वास तिचा, छाती तिची, आणि सगळे उंटावरून शेळ्या हाकणार! तरी ती हट्टाने खोकायची.

आणि मग एकदम शांत झाली. दिवसभर पेंगायची. वाफेचं यंत्र हातातून गळून पडायचं. सोफेवाला खूश, जाऊबाई खूश, खालच्या मजल्यावरचे तर फारच खूश. तोफेला मात्र डाव्या कुशीवर वळलं की छातीत बारीक शिट्टी ऐकू यायची. तिने सांगितलं. नवरा म्हणाला, "टाका बसतोय."

एका सकाळी तिला अर्धं वाक्यही बोलता येईना. ओठ जांभळे. तेव्हा कुठे धावाधाव झाली.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर स्टेंटच्या तोंडाशी कफाचा चिकट बोळा, बाटलीला बूच बसावं तसा. तो ओढून काढला. ती शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "खोकला दाबायचं काही औषध घेत होता?"

तोफेने मान हलवली, नाही.

सोफेवाल्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"अहो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "इकडे बघा. तुम्ही रोज हाताने आणून द्यायचात ते दूध इतकं गोड का लागायचं?"

"केमिस्टकडून एक बाटली आणली होती. साधीच. झोप लागावी, खोकला थांबावा... टाका बसेल म्हटलं."

"न विचारता?" डॉक्टर ओरडले. "यांच्या बाकीच्या औषधांबरोबर काय चालतं, ठाऊक आहे तुम्हाला? आणि खोकला थांबवलात? त्याच्यावर तर जगताहेत त्या!"

पण डॉक्टरांकडे लक्ष कुणाचं होतं? तोफ उशीवरून उठून बसली होती.

"एका घरातलं माणूस गेलं, तेव्हा मला हा श्वास मिळाला. आणि तुम्ही त्याला दुधातून बूच मारलंत? मला विचारायचंही नाही? मी काय कोपऱ्यात उलटी ठेवलेली खुर्ची आहे?"

सोफेवाला रडला. तिने रडू दिलं. गप्प राहा म्हणाली नाही, पाणीही दिलं नाही.

घरी आल्यापासून ती आपलं दूध आपण तापवते. नवऱ्याशी कामापुरतं बोलते, तेही हुकूम सोडल्यासारखं. आता गॅलरीत वाफ घेऊन झाली की कठड्याला धरून असा काही खोकते, की तारेवरची कबुतरं उडतात. नवऱ्याचा हात सवयीने "हळू" म्हणायला वर जातो आणि तसाच डोकं खाजवून खाली येतो.

परवा जाऊबाईंना राहवलं नाही. "ताई, अजून किती दिवस हे? खालचे विचारतात हो."

तोफेने तोंड पुसलं आणि म्हणाली, "त्यांना सांग, मी खोकतेय तोवर आपापली कामं करा. मी गप्प बसले, की मात्र धावत या."