उंबऱ्यावरचं रक्त

पळसदेवच्या सलिमाला पहिला थेंब दिसला तो एप्रिलच्या एका सकाळी. नवरा गेल्यापासून घरातली पिठाची गिरणी ती एकटीच चालवायची. पिठानं पांढऱ्या झालेल्या उंबऱ्यावर तो लाल ठिपका लगेच उठून दिसला. तिनं आपले हातपाय चाचपले. कुठं खरचटलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीन थेंब होते, आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याएवढ्या उंचीवर भिंतीवरही शिंतोडे उडालेले.

शेजारच्या द्वारकाबाईंनी ते पाहिलं आणि दळणाचा डबा तसाच उचलून घरी नेला. कुणीतरी करणी केलीय, ही बोलवा दोन दिवसांत गावभर झाली. सलिमाचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तिचा कुत्रा भुऱ्या आठवडाभर काही खात नव्हता, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसायचा. त्याला तिथं काय दिसतंय, या विचारानं तिच्या अंगावर काटा यायचा. अंग दुखत असेल म्हणून तिनं आपल्या गुडघेदुखीची अर्धी गोळी कुटून त्याला पाण्यातून पाजली.

त्या दुपारी वीज गेली. गिरणीचा पट्टा थांबला आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत तिला आवाज आला, टप्. जरा वेळानं पुन्हा, टप्.

भुऱ्या उंबऱ्यात मान खाली घालून उभा होता. एका नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं. तो कण्हत नव्हता, हलतही नव्हता, नुसता तिच्याकडं बघत होता. मग तो शिंकला आणि भिंतीवर लाल शिंतोडे उडाले.

करणीबिरणी सगळी तिच्या डोक्यातून गेली. रिक्षा करून तिनं त्याला इंदापूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर सुकन्यांनी त्याचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. कान उलटा केला, तर आत गोचिडांचा गुच्छ. रक्त तपासून त्यांनी सांगितलं, की हा गोचिडांमुळं येणारा ताप आहे, त्यात रक्त गोठत नाही. गोळ्या अठ्ठावीस दिवस चालतील, कुत्रा बरा दिसला तरी मध्येच थांबवायच्या नाहीत. सलिमानं चाचरत आपल्या गोळीचं सांगितलं.

"मावशी, माणसाची गोळी कुत्र्याला कधीच द्यायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानं रक्त आणखी वाहतं. आणि घरी गेल्यावर भिंती बघा. अंगावर आहेत त्याहून जास्त गोचीड तिथं असतील."

घरी येऊन तिनं बॅटरी घेतली. भुऱ्या जिथं बसायचा, त्या कोपऱ्यातल्या भेगेत उजेड टाकला. भेग हलत होती. मोहरीएवढे, तिळाएवढे शेकडो जीव आतून बाहेर येत भिंतीवर चढत होते, छताकडं. रोज ती याच भिंतीला टेकून जेवायला बसायची.

डॉक्टरांनी दिलेलं औषध तिनं भेगाभेगांत फवारलं, पंधरा दिवसांनी पुन्हा फवारलं, मग भेगा सिमेंटनं बुजवल्या. भुऱ्याच्या अंगावरचे गोचीड चिमट्यानं काढून साबणाच्या पाण्यात टाकले. दहाव्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली.

द्वारकाबाई दळण घेऊन आल्या, तेव्हा सलिमानं त्यांना सगळं सांगितलं.

"मंजी करणी न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय आक्का. पर तुमच्या कुत्र्याचे कान बगा."

आता दळणाला येणारे आपली कुत्रीही सोबत आणतात. सलिमा कान उलटून बघते, ओठ वर करते, हिरड्या फिक्या दिसल्या की इंदापूरला पिटाळते. भुऱ्या दारात ऊन खात पडलेला असतो. भिंतीला पाठ टेकून मात्र ती अजून बसत नाही.