भाईदासचा मोटारीवरचा मंत्र

लोणखेड्यात कुजबुज होती की भाईदासनं तोरणमाळच्या एका भगताकडून मंत्र आणलाय. चादरीआड तो पुटपुटला की मेलेल्या मोटारीचेही दिवे पेटतात. दोन बायकांनी तर चादरीतून धूर निघताना पाहिला होता. त्या दिवशी दोघीही गावात नव्हत्या, पण एवढ्यासाठी साक्ष का वाया घालवायची?

भाईदास म्हणजे रतिलाल पाटलांच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर, मिस्त्री आणि हॉर्नही. रबरी भोंगा फाटल्यापासून तो खिडकीतून डोकं काढून स्वतःच ओरडायचा. मोटार सुरतेहून आणलेली, तिच्या वयापेक्षा तिचे मालकच जास्त झालेले. ती शहाद्याहून दोंडाईच्याच्या स्टेशनवर गाडीच्या वेळेला पोचायची. कुठल्या गाडीच्या, ते विचारायचं नाही.

एकेचाळीसच्या दसऱ्याला रतिलालांची आई गजराबाई पूजेचं ताट घेऊन आली.

"का रे भाईदास, ह्या मोटरमा देव कोठे ऱ्हास?"

भाईदासची जीभ सरळ चालली असती तर त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. त्यानं फ्यूजची डबी उघडून दाखवली. "आठेच, माय. हाई डबी रुसनी का मोटर आंधयी व्हई जास."

म्हातारीनं भक्तिभावानं डबीत तेल-शेंदूर चोपडला. बोटभर जाड. डबी रुसली. दिवे गेले.

आणि सोमवारी धुळ्याचे साहेब मोटार तपासायला येणार. दिवे नसले तर परवाना गेला. रतिलाल गरजले, "दिवा नही लागना, तर मोटर इकी टाकसू अन् तुले औतले जुपसू!"

डबीकडे एकदा पाहिलं आणि भाईदासला दुखणं कळलं. पण गजराबाई देवाच्या राखणीला मोटारीतच डबीसमोर पाट मांडून बसलेली. डबीला हात लावू देईना.

"जिभाऊ, चादर आना," भाईदास रतिलालांना म्हणाला. "मंतर म्हनना पडी. सर्वा भाईर जा."

"मी बी?" गजराबाईनं विचारलं.

"माय, तुम्ही तं पह्यले!"

मोटारीला चादर बांधली गेली आणि म्हातारी बाहेर हात जोडून बसली. आतून आवाज येत होता: "...नवापूर... खांडबारा... नंदुरबार..."

"गावगावना सर्वा देव बलायी ऱ्हायना," ती गहिवरून म्हणाली.

पाव तासानं दिवे लागले. सोमवारी साहेबांनी परवाना दिला, भाईदासची नोकरी राहिली, आणि आसपासच्या गावांतून बिघडलेले पंप, रुसलेल्या सुना, आटलेल्या म्हशी घेऊन लोक त्याच्या दारात येऊ लागले. गजराबाईनं पुढच्या दसऱ्याला दुप्पट शेंदूर आणला. मंत्र दरसाल म्हणावा लागला.

भाईदासला एकही मंत्र येत नव्हता. चादरीआड तो फ्यूजच्या पितळी टोकांवरचा, वीज अडवणारा शेंदूर चाकूनं खरवडायचा, चिंचेनं पितळ घासायचा, पुसून फ्यूज घट्ट बसवायचा आणि खरवडल्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून रेल्वेची स्टेशनं मोठ्यानं म्हणायचा.