खोडून उरलं तेवढं

दिनकर गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. मी पुण्याहून बुलढाण्याला पोहोचेपर्यंत चौकात त्याचा फलकही लागला होता. नावाआधी ‘कर्मयोगी’, ‘ज्ञानतपस्वी’, ‘अजातशत्रू’. हे लिहिणाऱ्याने दिनकरकडून कधी रिझ्युमे तपासून घेतला नसावा...

धाड गावच्या शाळेपासूनचा हा माझा मित्र. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाला आणि घरच्या पुढच्या खोलीत अभियांत्रिकीच्या मुलांचे इंटर्नशिपसाठीचे रिझ्युमे दुरुस्त करत बसला. आमच्याकडे स्वतःची माहिती कागदावर मांडायची एकच रीत मुलांना ठाऊक असते, लग्नाची. वर गणपती, खाली उंची, वर्ण, मामेकुळ. एकाने ‘अपेक्षा’ या मथळ्याखाली ‘अनुरूप कंपनी’ असं लिहिलं होतं. गणपतीवर पेन चालवणं दिनकरच्या जिवावर यायचं, म्हणून तो तेवढा भाग दुमडून ठेवी. बाकी मेहनती, जिद्दी, नेतृत्वगुणसंपन्न, सगळं खोडून टाकी. मग घरी काय काय दुरुस्त केलं ते विचारी. कुणी फवारणीचा पंप सांगे, कुणी मोटरचा स्टार्टर. तेच कागदावर सगळ्यात वर जाई. उरलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तो एकच विचारायचा, ‘‘हे तुनं सोता केलं काय?’’ मुलं खिडकीबाहेर बघू लागत.

शहरातली मुलं बिनदिक्कत फुगवून लिहितात, तुझी पोरं मागे पडतील, असं मी त्याला एकदा म्हणालो. तो म्हणाला, ‘‘तिथं कोनं इचारलं अन् पोराले सांगताच नाही आलं, त मंग काय करशीन बे?’’

त्याच्यापुढचा शेवटचा रिझ्युमे पल्लवीचा. जळगाव जामोदची मुलगी, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला. इंटर्नशिप मिळाली तर शिक्षण पुरं होईपर्यंत लग्नाचा विषय काढणार नाही, असं वडिलांनी कबूल केलं होतं. तिच्या कागदावर सौरपंपाचा एक प्रकल्प होता. तो तिच्या गटाने, पुष्कळ गट आणतात तसा, दुकानातून तयार आणला होता. दिनकरचं बोट त्या ओळीपर्यंत आलं आणि तिच्या एसटीची वेळ झाली. उद्या ये, म्हणाला. त्याच रात्री तो गेला.

तेरावं झाल्यावर ती आली. अर्जाचा शेवटचा दिवस होता. वहिनी आत चहा टाकत होत्या.

‘‘काका, हे ओळ ठेवली त कोनाले समजनार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पन मले झोप नाही येऊन राह्यली. तुम्ही इचारा ना, सर इचारत तसं.’’

आत्मेबित्मे या प्रकारावर मी जन्मभर टिंगल केली आहे. तरी त्याच्या खुर्चीत बसलो, ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं. पुण्यात इतकी वर्षं घासून पुसून टाकलेली बोली तोंडातून अशी निघाली की वहिनी हातात गाळणी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या... आवाज माझा नव्हता.

‘‘नाही, सर,’’ पल्लवी म्हणाली. माझ्याकडे बघून नव्हे. माझ्या डोक्याच्या थोडं वर बघत, उंच दिनकरचा चेहरा जिथे आला असता तिथे.

ओळ तिनेच खोडली आणि अर्ज पाठवला. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. वडील रोज विचारतात म्हणे.

त्या खुर्चीत मी पुन्हा बसलो नाही. वहिनी खोली झाडतात, तेव्हा खुर्ची न हलवता तिच्याभोवतीनं झाडतात.