नकाशावरचा फिका आजरा

नागपूरहून कोल्हापूरला जाणारी गाडी एक अख्खा दिवस घेते आणि वर काही तास. एवढ्या वेळात डब्यातली माणसं एकमेकांचं गाव, पगार, मुलांची लग्नं आणि गुडघे विचारून संपवतात. माझ्यावर पाळी आली ती वर्ध्याच्या पुढे. समोरच्या बाईंनी पुरीभाजीचा डबा उघडून माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "अंबाबाईच्या दर्शनाला का?"

मी खरं बोललो. म्हणालो, "नाही, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं कुठे कमी आणि कुठे जास्त माणसं मरतात, त्याची चौकशी करायला."

बाईंनी डबा हळूच मागे घेतला. पुढचा सगळा प्रवास मी स्टेशनावरच्या वड्यांवर काढला.

माझं काम तसं खुर्चीतलं. कॅन्सरच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका अभ्यासात मी आकडेवारी बघतो आणि नकाशे रंगवतो. मृत्यू जास्त तिथे तांबडा रंग गडद, कमी तिथे फिका. या आजाराचा रंग शहरात गडद आणि खेड्यात फिका निघतो. परदेशात जिथे वेळेवर तपासण्या होतात तिथे तो हळूहळू उतरतोय. आपल्याकडे मुळात फिका होता तो चढतोय, आणि साठीत गाठणारा आजार आता चाळिशीतल्या माणसांनाही गाठतोय. माझ्या नकाशावर कोल्हापूर शहर चांगलं तांबडं होतं आणि त्याच जिल्ह्यातला आजरा तालुका जवळजवळ पांढरा. आमचे साहेब म्हणाले, "तिथल्या तांदळात काहीतरी असेल. जाऊन बघून या." साहेबांना भात फार आवडतो.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लॉजवर उतरलो. सकाळी सात वाजता खालून हाक आली, "ओ नागपूरचं पावणं! आंघोळ झाली का? गरम पाणी दिलं का न्हाई त्यांनी?" समोरच्या तिन्ही दुकानांना माझ्या आंघोळीची खबर लागली. मी खिडकीतून मान हलवून हो म्हटलं.

हे आनंदराव. भाड्याच्या जीपचे मालक आणि चालकही. वय पन्नाशीचं, आवाज पंचविशीतला, मूळ गाव आजऱ्याजवळचंच. माझी तीन दिवसांची सगळी फिरती त्यांच्याच गाडीतून व्हायची होती.

पहिला मुक्काम अर्थातच मिसळीचा. आम्ही नागपूरकर सावजी रश्श्यावर वाढलेले, त्यामुळे तिखटाच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवू नये असा आमचा समज असतो. मी ऐटीत जास्तीचा कट मागवला. चौथ्या घासाला कानातून घाम यायला लागला. "पावणं, रडाय काय झालं? घरची आठवण आली व्हय?" आनंदराव म्हणाले. स्वतः मात्र ते नुसता चहा पीत होते. मंगळवार होता, त्यांचा उपास होता म्हणे. दुसऱ्या दिवशी, बुधवारीही त्यांचा उपासच होता.

कागल सोडलं. निपाणीला पाटीवरची अक्षरं कानडी झाली, आणि उत्तूरच्या वाटेला लागल्यावर पुन्हा मराठी. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर डुलत होत्या. पुढे ऊस मागे पडला, चढ सुरू झाला आणि दोन्ही बाजूंना काजूची झाडं आली, नुकता मोहोर धरलेली. हवा गार आणि गोडसर. मी खूश होतो. फक्त गाडी सारखी तापत होती. आजऱ्याला पोचेपर्यंत आनंदरावांनी तीनदा जीप थांबवली. "गाडी तापली," म्हणायचे, पाण्याची बाटली उचलायचे आणि उसात नाहीतर झाडीत निघून जायचे. गाडीला पाणी घालायला माणूस उसात कशाला जाईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मोहोराचे फोटो काढत होतो.

आजऱ्यात एका काजूच्या कारखान्यात शिरलो. भाजलेले काजू फोडत बायका ओळीनं बसल्या होत्या. माझी प्रश्नावली हातात धरून मी घसा साफ केला. आहार विचारला. भात, नाचणी, पालेभाज्या, रविवारी मटण. चालणं विचारलं, तर सगळ्या हसल्या, कारण तिथे चालण्याला पर्यायच नव्हता. मग आला तो प्रश्न, जो विचारताना मी नेहमी कागदाकडे बघतो. "मावशी, शौचाला रोज साफ होते का?"

"परसाकडं (शौचाला) व्हय? हुतंय की!" मावशी अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमचं न्हाई हुत?"

पुढची पाच मिनिटं माझ्या पोटावर चर्चा झाली. मी निकरानं पुढचा प्रश्न विचारला, की कधी रक्त जातं का. तर त्यात काय विचारायचं, असा सगळ्यांचा सूर. "रस्सा लागला की जातंय. ताक प्यायचं दोन दिस." कोल्हापूरकडचा माणूस रक्त दिसलं की आतड्यावर संशयच घेत नाही, कालच्या तांबड्या रश्श्यावर (मटणाच्या तिखटजाळ कालवणावर) ढकलून मोकळा होतो. मी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

बुधवारी आनंदरावांच्याच गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या ग्रामसेवकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यांनी माझं परवानगीचं पत्र दोनदा वाचलं, मृत्यूंचं जुनं रजिस्टर काढलं आणि नावांच्या रकान्यावर फूटपट्टी ठेवली, कारण नावं बघायची मला मुभा नव्हती. वय आणि कारण एवढंच वाचायचं. मी वाचत गेलो. वार्धक्य. पोटदुखी. अशक्तपणा. अल्पसा आजार. पुन्हा वार्धक्य. पान उलटलं आणि मला हसूच आवरेना.

"भाऊसाहेब, हे बघा," मी म्हणालो. "वय अठ्ठेचाळीस, कारण वार्धक्य! म्हणजे मी तर कधीच मरायला हवं होतं."

भाऊसाहेब हसले नाहीत. ते माझ्या मागे दाराकडे बघत होते. दारात आनंदराव उभे होते.

"त्यो माझा थोरला भाऊ," ते म्हणाले. "दादा. म्याच सांगितलं तसं लिवाय."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी माफी मागितली. भाऊसाहेब फूटपट्टी सरळ करत म्हणाले, "साहेब, लोक सांगत्यात तसं आम्ही लिवतो. माणूस तर गेलेला असतोय. मागं पोरींची लग्नं व्हायची असत्यात. कॅन्सरच्या घरातली पोरगी करून घ्यायला कुणी तयार हुईत न्हाई हो."

दादांना आतड्याचा कॅन्सर होता. त्यांची मुलगी स्नेहल तेव्हा शाळेत होती. आनंदरावांनी तिला स्वतःच्या मुलीसारखी वाढवली, शिकवली, आणि आता गडहिंग्लजकडचं एक चांगलं स्थळ आलं होतं. येत्या रविवारी बैठक (लग्न ठरवायची बोलणी) होती. हे सगळं मला परतीच्या वाटेवर कळलं, तुकड्या-तुकड्यांत, कारण आनंदराव आज फार बोलत नव्हते.

उत्तूरच्या पुढे त्यांनी जीप बाजूला घेतली. "गाडी तापली." ते बाटली घेऊन गेले आणि मी पहिल्यांदाच समोरच्या तापमानाच्या काट्याकडे नीट बघितलं. काटा निम्म्याच्याही खाली होता. मग मला त्यांचे ते उपास आठवले. सैल पडलेल्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक आठवलं. दोन दिवस मी तालुकाभर अनोळखी माणसांना जे विचारत हिंडत होतो, ते माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला विचारलं नव्हतं.

ते परत आल्यावर विचारलं. या वेळी कागदाकडे न बघता.

"मूळव्याध हाय," ते म्हणाले. "दसऱ्यापासनं. बाजारातला एक जण पुडी देतोय. रस्साबी सोडलाय."

"दादांचंही असंच सुरू झालं होतं का?"

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ पुसली. "व्हय," म्हणाले. "मला काय कळत न्हाई व्हय, पावणं? पण लग्न हू दे. अक्षता पडल्या की दुसऱ्याच दिशी जातो."

"लग्न कधी?"

"जमलं तर वैशाखात."

माघ चालू होता. मी बोटांवर महिने मोजले आणि मला राग आला. खरंच राग आला. मी माझ्यापेक्षा दुप्पट आवाजाच्या माणसावर ओरडलो, की दादांना म्हातारपणात घातलंत, आता स्वतःला कशात घालणार आहात? तेही ओरडले. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पोटाच्या दवाखान्यात आजरा तालुक्यातलं निम्मं माणूस बसलेलं असतं, कुणी बघितलं की रविवारच्या आत गडहिंग्लजला कळणार, तुम्हाला नागपुरात बसून काय कळतंय? उसाच्या ट्रॉलीवाल्यांनी गाड्या हळू करून आमचं भांडण ऐकलं.

शेवटी तोड निघाली. पेशंट मी व्हायचं. आनंदराव फक्त पाहुण्याला घेऊन आलेले.

गुरुवारी सकाळी राजारामपुरीत पोचलो. त्यांची भीती खोटी नव्हती. बाकावर बसतो न बसतो तोच समोरून हाक आली, "आनंदराव! हिकडं कुठं?" त्यांच्या शेजारच्या गावचे कुणी होते.

"ह्या पावण्यांस्नी आणलंय!" आनंदरावांचा आवाज परत आला होता. "नागपूरचं हाईत. रक्त पडतंय बिचाऱ्यांस्नी. सावजी खात्यात न्हवं!"

सगळा बाक माझ्याकडे वळला. एका आजोबांनी मला ताकाची कृती सांगितली. एका बाईंनी बसायला स्वतःची उशी दिली. "लाजायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि सावजी रश्श्याच्या अब्रूची मी मुकाट्यानं आहुती दिली.

आत डॉक्टरीणबाई होत्या. जैन होत्या, सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं असल्यानं त्यांच्याकडे वेळ वाया घालवायची पद्धत नव्हती. "पेशंट कोण?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. त्यांनी दोघांच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि आनंदरावांना बसवलं.

"घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता?"

आनंदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. हे सांगणं माझं काम नव्हतं.

"थोरल्या भावाला," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना तोवर एकदाही बोलताना ऐकलं नव्हतं. "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि दुसऱ्या दिवशी आतड्यात दुर्बीण घालायची ठरवली. बोलता बोलता पुतणीचं वैशाखातलं लग्न आणि माझा नकाशा, दोन्ही त्यांनी काढून घेतलं. पोट साफ करायचं औषध दिलं. मी तिकीट पुढे ढकललं. रात्री आनंदरावांचा फोन आला, "पावणं, आता गाडी खरंच तापलीया," आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी दुर्बिणीत गाठ दिसली. तुकडा तपासणीला गेला. डॉक्टरीणबाईंनी गोल गोल बोलून वेळ घालवला नाही. "गाठ लहान दिसत्येय, आतड्यातच आहे असं वाटतंय. लवकर काढली तर बरे व्हाल. वैशाखात आला असतात तर मी असं म्हटलं नसतं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचा तो फिका आजरा. तिथल्या ज्यांचं निदान होतं ते इकडे येऊन इकडेच जातात आणि नोंद इकडची होते, म्हणून शहर तांबडं. ज्यांचं होत नाही ते घरी म्हातारपणानं जातात. भाताचं, चालण्याचं काही असेलही, पण आधी नोंद तर खरी होऊ दे."

आनंदराव शर्टाची बटणं लावत होते. "बाई, हे आमच्या घरातच राहू दे."

"तुमच्या पुतणीचे वडील यानंच गेले," त्या म्हणाल्या. "तिला पुढं वेळेवर तपासून घ्यायला लागणार. तिला माहीतच नसेल तर ती येणार कशी? आणि सासरचे पाठवणार कसे?"

जिन्यावरून उतरताना आनंदराव दोनदा थांबले. स्टेशनवर सोडताना त्यांनी माझ्या हातात आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी दिली, साहेबांसाठी. रविवारचं काय करणार, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत मी कुणालाच खरं सांगितलं नाही, त्यामुळे पोटभर जेवत आलो. घरी येऊन नकाशा उघडला. इतकी वर्षं मी फिका रंग दिसला की खूश होत आलोय. तिथली माणसं सुखात आहेत असं समजून पुढचा तालुका रंगवत आलोय. त्या पांढऱ्या जागेत कुणाचे तरी दादा आहेत आणि त्यांच्यासाठी खोटं बोललेली माणसं आहेत, हे मला खुर्चीत बसून कधीही कळलं नसतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि रविवारची काळजी वाटत राहिली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. मी कानापासून तो जरा लांब धरला, इतका आवाज मोठा होता.

"पावणं, सांगून टाकलं! सुपारी फुटायच्या आधीच सांगितलं. दादाचंबी आन माझंबी. स्नेहललाबी तवाच कळलं. म्हणलं, बघा, पटत असंल तर करा, न्हाईतर राम राम."

"मग?"

"मुलाच्या वडलांनी टोपी उचलली. मुलाची आई त्यांच्याकडं बघतीया. म्हणलं, उठली बैठक! मग वडील म्हणालं, आमच्या आईचं रजिस्टरात पोटदुखी लिवलंय, आन ते म्याच लिवाय लावलंय. फुटली सुपारी, पावणं. येत्या बुधवारी माझं ऑपरेशन, त्येबी ठरलं."

मग पलीकडे त्यांचा आवाज खाली आला.

"जाताना व्याह्यांनी मला गोठ्याकडं न्हेलं. हिकडं तिकडं बघितलं, आन हळूच विचारलं, ती दुर्बीण लई दुखती का हो? म्या म्हणलं, न्हाई. चला, मी येतो संगं."