साबणाचा फेस

मुलांना घेऊन सातपुड्यात सहलीला जायचं म्हणून छोटा सिलिंडर आणि शेगडी घ्यायला जळगाव जामोदला गेलो होतो. म्हाताऱ्या दुकानदारानं सिलिंडरवर बसणारा बर्नर बाजूला सारला.

"हा उंच होते. लेकराचा धक्का लागला का पडते," म्हणत त्यानं बुटकी शेगडी काढली. नळी जोडली, ब्रशनं साबणाचा फेस लावला आणि कुठून गॅस गळून बुडबुडा येतो का, ते टक लावून पाहत बसला.

मला घाई होती. "काका, काडी लावून पाहा ना, लगेच कळेल."

ब्रश थांबला.

"माह्या पोरीले मीच शिकवलं होतं तसं, काडी लावून पाहाले," एवढंच बोलून तो पुन्हा फेस लावू लागला.

आता सहलीत नळी जोडली, की मी मुलीच्या हातात ब्रश देतो. काडीपेटी माझ्याच खिशात असते.