परातीने आखलेली ताल

आमचा ओढ्याकाठचा तुकडा तीन एकरांचा. त्यातल्या वरच्या एकरात नुसता मुरूम उरला होता. काळी माती दर पावसाळ्यात वाहून खालच्या शेजाऱ्याच्या रानात जायची. मेंढ्या बसवल्या तर लेंडीखतही त्याच वाटेने. थोरल्या भावाने, दादाने, बजावले होते की यंदाही माती गेली तर तुकडा गवताला सोडायचा. वडिलांनी कसलेले रान गवताला सोडायचे, हे मला पटत नव्हते.

मी सोलापुरात शाळामास्तर. उन्हाळ्याची सगळी सुटी मी रानात घातली. पाणी अडवायला उताराला आडव्या तीन ताली, म्हणजे दगडी बांध, घालायच्या होत्या. पातळी धरण्यासाठी घरची पितळी परात पाण्याने भरून दगडावर ठेवायची, पाण्यावरून नजर लावायची आणि जिथे जमीन त्याच पातळीत दिसेल तिथे खुंटी मारायची. बायकोने दोन दिवस सोसले. तिसऱ्या दिवशी रानात येऊन म्हणाली, "अहो, भाकरी काय तुमच्या शाळेच्या पाटीवर थापू?"

खुंट्यांची ओळ विळ्यासारखी वाकडी आली. दादा हसला. "दोरी लावून सरळ घाल. एवढी वळणं घेताना बैल शिव्या घालतील." सरळ ताल घातली तर पाणी खोलगट जागी साचून ती फोडणार, म्हणून मी ओळ बदलली नाही. मुरमातले दगड रचून गुडघाभर उंच ताली घातल्या, जादा पाण्याला प्रत्येकीत दगडी सांडवा ठेवला आणि मगच मेंढ्या बसवल्या.

दसऱ्याच्या सुटीत मी गावी होतो, तेव्हा हस्ताचा पाऊस सकाळपासून कोसळला. दुपारी उघडताच आम्ही तिघे अनवाणीच धावलो. तालींच्या मागे पाणी तुंबले होते. सांडव्यावरून उतरणारे पाणी इतके निवळ होते की खालचे दगड दिसत होते. खुणा केलेली काठी मी गाळात रोवली. चार बोटे नवी माती! खात्री वाटेना, म्हणून आणखी दोन ठिकाणी रोवली. बायकोने कोपरापर्यंत हात घालून गाळ वर काढला. त्यात लेंड्या होत्या. तिने ती मूठ दादापुढे धरली. त्याने त्यातली एक लेंडी बोटांनी चुरून बघितली.

एवढ्यात खालचा शेजारी चिखल तुडवत वर आला. तालीकडे बघत म्हणाला, "मास्तर, आमची माती अडवलीसा व्हय? यंदा नुसतं पाणीच आलं की."

दादा एकदम हसत सुटला. "आणि तुझी कुठं चाललीय, ते बघितलंस का? उद्या परात घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या रानात पहिली खुंटी दादाने मारली. आमच्या घरी भाकरी पाटीवरच थापली गेली.